महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची चिकित्सक विचारप्रवृत्ती : खरवई-अंबरनाथ परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

उच्च शिक्षणाच्या उद्दिष्टांची कोणतीही यादी घेतली तरी तीत 'चिकित्सक विचार' हा शब्दप्रयोग हमखास आढळतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तो आहे, अभ्यासक्रमांच्या अपेक्षित निष्पत्तींत आहे आणि मूल्यांकनासाठी महाविद्यालये जे अहवाल तयार करतात त्यांतही तो आवर्जून येतो. मात्र विद्यार्थ्याला चिकित्सक विचार करता येतो का, आणि तो तसा विचार करण्याकडे वळतो का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. पहिला प्रश्न क्षमतेचा आहे, तर दुसरा प्रवृत्तीचा. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

विवेचनासाठी खरवई व त्याच्या आसपासचा परिसर समोर ठेवला आहे. खरवई हे कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील, बदलापूर पूर्वेचे गाव होय. एकेकाळी भातशेतीचे असलेले हे गाव आज औद्योगिक वसाहत आणि नव्या इमारती यांच्यामध्ये सापडले आहे. बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. शेजारचे अंबरनाथ कारखान्यांचे आणि प्राचीन शिवमंदिराचे गाव, तर त्यापलीकडचे उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले शहर. या पट्ट्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. वर्गात आगरी बोली, प्रमाण मराठी, सिंधी आणि हिंदी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली ही पहिलीच पिढी आहे. सकाळचे महाविद्यालय आणि दुपारनंतर कारखाना, दुकान किंवा शिकवणी असा अनेकांचा दिनक्रम असतो. अशा विद्यार्थ्यांविषयी 'त्यांना विचार करता येत नाही' असे विधान प्राध्यापक कक्षात सहजपणे केले जाते. ते तपासून पाहणे आवश्यक आहे.

क्षमता आणि प्रवृत्ती

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या विचारप्रक्रियेवरील ग्रंथात ज्ञान आणि कौशल्य यांच्या जोडीला मनाच्या वृत्तीचा मुद्दा मांडला होता. विचारपद्धती ठाऊक असणे पुरेसे नाही, ती वापरण्याची इच्छा असावी लागते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. (कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना लाभलेले शिक्षक ते हेच ड्यूई.) पुढे १९९० मध्ये पीटर फॅसिओन यांच्या पुढाकाराने ४६ तज्ज्ञांच्या विचारविनिमयातून एक अहवाल तयार झाला. त्यात चिकित्सक विचाराची कौशल्ये आणि चिकित्सक विचारवंताचा स्वभाव या दोहोंचे स्वतंत्र वर्णन केले गेले. त्याच्या आधारे तयार झालेल्या प्रवृत्तिमापन चाचणीत ७५ विधाने असून ती सात घटकांत विभागली आहेत : सत्यशोधन, मनाचा खुलेपणा, विश्लेषकता, पद्धतशीरपणा, स्वतःच्या तर्कशक्तीवरील विश्वास, जिज्ञासा आणि निर्णयातील परिपक्वता. प्रत्येक घटकाला १० ते ६० गुण असतात. ४० च्या वर अनुकूल कल, ३० च्या खाली प्रतिकूल आणि मधले द्विधा, असा त्यांचा अर्थ लावला जातो.

अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यासात सत्यशोधन हाच घटक सर्वांत दुबळा आढळला. नंतर इतर देशांत झालेल्या अनेक अभ्यासांतही हेच चित्र दिसले. सत्यशोधन म्हणजे येथे केवळ खरे बोलणे नव्हे; आपल्या आवडत्या मताला बाधक ठरणारा पुरावा समोर आला तरी प्रश्न विचारत राहण्याची तयारी, असा त्याचा अर्थ आहे. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या समाजाच्या नावातच हा शब्द असल्याने मराठी वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. अर्थात अशा चाचण्यांना मर्यादा आहेत. विद्यार्थी स्वतःविषयी जे सांगतो त्यावरच त्या अवलंबून असतात. आपण फार मोकळ्या मनाचे आहोत असे मानणारा विद्यार्थी जास्त गुण मिळवतो आणि स्वतःकडे कठोरपणे पाहणारा कमी, हा विरोधाभास दुर्लक्षून चालणार नाही. शिवाय ही विधाने मराठीत आणताना ती कोणत्या घरातल्या मुलाला कशी ऐकू येतील हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे 'चिकित्सा' हा शब्द 'फार चिकित्सा करू नकोस' अशा नकारातच अधिक वेळा कानी पडतो. 'उलट बोलणे' आणि 'उलट बाजूने विचार करणे' यांत घरातली भाषा फारसा फरक करीत नाही.

या संदर्भात डेव्हिड पर्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन अधिक उपयुक्त वाटते. त्यांनी प्रवृत्तीचे तीन भाग केले : प्रसंग ओळखण्याची संवेदनशीलता, त्या दिशेने जाण्याचा कल आणि प्रत्यक्ष क्षमता. त्यांच्या प्रयोगांत असे दिसले की लोकांची गाडी बहुधा क्षमतेपाशी अडत नाही. येथे विचार करायला हवा हे ध्यानातच न आल्यामुळे ती अडते. एखाद्या वादग्रस्त प्रश्नावर मत विचारले असता माणसे आपल्याच बाजूची कारणे सांगतात, आणि शिक्षणाची वर्षे वाढली तरी यात फारसा फरक पडत नाही. मात्र 'आता दुसऱ्या बाजूची कारणे सांगा' असे स्पष्ट म्हटले की तीच माणसे ती सांगू शकतात. म्हणजे कारणे त्यांच्यापाशी होती, मागणी नव्हती.

खरवईतील एक उदाहरण घेता येईल. जून २०२१ मध्ये बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून रात्री वायुगळती झाली आणि परिसरातील रहिवाशांना श्वसनाचा त्रास झाला. अशा वसाहतीच्या कडेला राहणारा रसायनशास्त्राचा विद्यार्थी उष्णतादायी अभिक्रियेची व्याख्या अचूक लिहितो. पण रात्री खिडकीतून येणारा वास आणि वहीतील ती व्याख्या यांचा काही संबंध असू शकतो, हे त्याला आपणहून सुचतेच असे नाही. वास कशाचा असू शकेल, वारा कोणत्या दिशेचा आहे, तक्रार कोणाकडे आणि कोणत्या तपशिलासह करावी, हे प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचे नाहीत. ते 'विषयात' येत नाहीत, एवढेच.

एक आकडा, दोन वाचने

प्रवृत्ती ही उपदेशाने निर्माण होत नाही. ती उदाहरणातून, सरावातून येते. सुदैवाने याच परिसरात असे एक उदाहरण दगडात कोरलेले आहे. अंबरनाथचे शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, अशी कथा येथील बहुतेक विद्यार्थ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. मंदिराच्या उत्तरेकडील दाराच्या आतल्या बाजूस एक शिलालेख असून त्यात शिलाहार राजा मांवाणी ऊर्फ मुम्मुणी याचे नाव येते. पांडवांची कथा आणि हा लेख यांत कशावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्याला फार सोपा आहे. खरा रंजक भाग त्यापुढचा आहे.

या लेखाचे वाचन प्रथम डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२-१८७४) यांनी केले. ते मुंबईतील नामांकित वैद्य आणि पुराभिलेखांचे थोर अभ्यासक होते. त्यांनी लेखातील काळ शके ७८२, म्हणजे इसवी सन ८६० असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९-१८८८) यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि काळ शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असल्याचे दाखवून दिले. पहिला आकडा सात की नऊ, एवढाच फरक. पण त्यातून मंदिराचे वय २०० वर्षांनी बदलते. आज अभ्यासक शके ९८२ हाच काळ स्वीकारतात.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की भगवानलाल हे भाऊ दाजींचे सहकारी, किंबहुना त्यांच्या आश्रयाने वाढलेले संशोधक होते. जुनागढच्या या तरुणाला भाऊ दाजींनी १८६० च्या दशकाच्या आरंभी मुंबईस आणले, कामाला लावले आणि शिलालेखांच्या शोधात देशभर पाठविले. भगवानलालांपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. (उत्तरायुष्यात हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, ती निराळी गोष्ट.) ज्यांनी विद्या दिली त्यांचेच वाचन चुकले, हे त्यांनी विद्वानांच्या सभेत मांडले. यात गुरुद्रोह झाला असे त्या काळच्या अभ्यासकांनी मानल्याचे दिसत नाही. भाऊ दाजींचे मोठेपणही त्यामुळे कमी झाले नाही. लेख प्रथम प्रकाशात आणण्याचे श्रेय त्यांचेच राहिले. 'सरांनी असे सांगितले आहे' हे वाक्य ज्या वर्गात युक्तिवादाचा शेवट मानले जाते, त्या वर्गात ही हकीकत सांगण्यासारखी आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे कोणते वाचन बरोबर हे विद्यार्थी स्वतः ठरवू शकतात. त्यासाठी प्राचीन लिपी येण्याची गरज नाही. भांडुप येथे सापडलेला छित्तराज या शिलाहार राजाचा ताम्रपट शके ९४८, म्हणजे इसवी सन १०२६ चा आहे. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे सख्खे भाऊ होते. आता मंदिराचा लेख इसवी सन ८६० चा मानला तर धाकटा भाऊ थोरल्याच्या आधी १६६ वर्षे राज्य करीत होता असे म्हणावे लागेल. १०६० चा मानला तर अंतर ३४ वर्षांचे राहते आणि ते सहज पटते. शिवाय नवव्या शतकात उत्तर कोकणावर कपर्दी दुसरा हा शिलाहार राज्य करीत होता, असे कान्हेरीच्या लेण्यांतील लेख सांगतात. तेव्हा ८६० च्या सुमारास मुम्मुणीला जागाच उरत नाही. शिलाहारांची वंशावळ आज जितकी स्पष्ट आहे तितकी भाऊ दाजींच्या वेळी नव्हती, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. पूर्वसूरींची चूक दाखविताना त्यांच्यापाशी कोणती साधने होती याचा विचार करणे हा चिकित्सेचाच भाग होय.

एवढे झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो. मांवाणीने हे मंदिर मुळापासून बांधले, की थोरल्या भावाच्या काळात सुरू झालेले पूर्ण केले? याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. गाइडमध्ये तयार उत्तर नसलेला प्रश्न विद्यार्थ्यासमोर ठेवण्याची अशी संधी प्राध्यापकाला वारंवार मिळत नाही.

प्रवृत्ती कशाने मंदावते

या परिसरातील विद्यार्थी शाळेत आल्यापासून जे शिकतात त्यात उत्तर 'पाठ' असणे हा सर्वांत टिकाऊ धडा असतो. अपेक्षित प्रश्नसंच, तयार नोट्स आणि मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका यांच्या आधारे तो बारावीपर्यंत पोहोचतो आणि त्याच पद्धतीने पदवीही मिळवतो. मुंबई विद्यापीठात पदवीच्या पहिल्या दोन वर्षांना दीर्घकाळ सक्तीचा असलेला फाउंडेशन कोर्स हा विषय मानवी हक्क, पर्यावरण, विषमता अशा प्रश्नांवर विचार करायला लावण्यासाठीच होता. परीक्षेत मात्र विषमतेची पाच कारणे लिहून विद्यार्थी मोकळा होत असे. हा दोष विद्यार्थ्याचा म्हणता येणार नाही. पाच कारणांना पाच गुण देणारी पद्धत त्याने नीट ओळखली आणि तिच्याशी जुळवून घेतले. किंबहुना यात एक प्रकारची चिकित्सक बुद्धीच दिसते, केवळ ती चुकीच्या जागी खर्च झालेली आहे.

पाठांतराला सरसकट दोष देण्याची प्रथाही तितकीच तपासून घेतली पाहिजे. वर उल्लेखिलेला शिलालेखाचा युक्तिवाद करण्यासाठी तीन राजांची नावे आणि दोन शककाल डोक्यात असावेच लागतात. स्मरणात काहीच नसेल तर विचार कशावर करणार? अडचण पाठांतराची नाही, पाठांतरापाशीच थांबण्याची आहे.

दुसरे कारण भाषेचे आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी वाणिज्य किंवा विज्ञान शाखेत इंग्रजी पुस्तके वाचतो. परक्या भाषेतील वाक्य समजून घेण्यातच त्याची शक्ती खर्ची पडते. ते वाक्य खरे आहे का हे विचारण्यास ती उरत नाही. जे वाक्य आपल्याला स्वतःच्या शब्दांत मोडून सांगता येत नाही त्याच्याशी असहमत होणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून उत्तर इंग्रजीत लिहायचे असले तरी चर्चा मराठीत, हिंदीत, सिंधीत होऊ देणे ही सवलत समजू नये. विचार करण्याची ती पूर्वअट आहे. मुंबईतील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली साहित्य व शास्त्रविषयक सभा सुरू केली तेव्हा इंग्रजी शिक्षण घेणाऱ्या त्या मुलांनी मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभाही काढल्या होत्या, हे या ठिकाणी आठवते.

तिसरे कारण भीतीचे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला महाविद्यालयातील आपले स्थान पक्के वाटत नाही. चुकीचा प्रश्न विचारला तर आपण येथले नाही हे उघड होईल, ही धास्ती त्याला गप्प बसविते. या मौनाला प्राध्यापक 'निरुत्साह' असे नाव देतात. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण ज्यांच्या हाती, त्यांच्याच विधानाला हरकत घेण्यात जोखीम आहे, हे विद्यार्थ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

संशय म्हणजे चिकित्सा नव्हे

चिकित्सक विचाराचा एक सोपा आणि चुकीचा अर्थ म्हणजे कशावरही विश्वास न ठेवणे. उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्यांना हा अर्थ परवडणारा नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीला आलेल्या पुराने बदलापूर परिसराला जबर तडाखा दिला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी या स्थानकांदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि एक हजाराहून अधिक प्रवाशांची बोटींच्या साहाय्याने सुटका करावी लागली. याउलट २८ जुलै २००५ रोजी मुंबईत जुहूच्या नेहरूनगर वस्तीत पाणी येत असल्याची अफवा पसरली आणि पळापळीत चेंगराचेंगरी होऊन अनेकांचे प्राण गेले. पाणी मात्र आले नाही.

पावसाळ्यात एखाद्या रात्री मोबाइलवर 'धरणाचे दरवाजे उघडले, घरे सोडा' असा संदेश आला तर खरवईच्या विद्यार्थ्याने काय करावे? तो लगेच पुढे पाठविणे ही एक चूक, 'असल्या अफवा नेहमीच्याच' म्हणून पुसून टाकणे ही दुसरी. संदेश कोणी प्रथम पाठविला, त्यात तारीख आहे का, तो कोणत्या धरणाविषयी आहे, बारवी धरणाचे पाणी आपल्या वस्तीच्या कोणत्या बाजूने जाते, नगरपरिषद किंवा तहसील कार्यालय काय सांगते, हे प्रश्न पाच मिनिटांत विचारता येतात. आणि उत्तर मिळेपर्यंत सामान उंचावर ठेवून, वृद्ध माणसांना तयार ठेवून वाट पाहता येते. अपुऱ्या माहितीवरही निर्णय घ्यावा लागतो, आणि नवी माहिती आली की तो बदलावा लागतो. सात घटकांपैकी शेवटचा, निर्णयातील परिपक्वता, तो हाच.

संदेशांवर आंधळा विश्वास ठेवल्याने काय होते हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाहिले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून तेथे भटक्या समाजातील पाच निरपराध माणसे जमावाने ठार मारली. तपासून पाहण्याची सवय ही परीक्षेतील गुणांपुरती गोष्ट राहत नाही, ती अशा ठिकाणी.

वर्गातील काम

नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाल्यानंतर मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे घटक पदवी अभ्यासक्रमात आले आहेत. त्यांची गत फाउंडेशन कोर्ससारखी होणार की नाही, हे पाठ्यपुस्तकापेक्षा प्रश्नपत्रिकेवर अवलंबून राहील. 'अंबरनाथ मंदिराची वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नाऐवजी 'मंदिराचा काळ शके ७८२ मानल्यास कोणत्या अडचणी येतात?' असा प्रश्न विचारला की तीच माहिती निराळ्या तऱ्हेने वापरावी लागते. त्याचे गुणदान कठीण आहे, ही गोष्ट खरी. शंभर-सव्वाशे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्राध्यापकाला प्रत्येक युक्तिवाद वाचण्यास वेळ कोठून मिळणार, हा आक्षेप गंभीर आहे आणि वर्गांचा आकार जसाच्या तसा राहील तोवर त्याला पूर्ण उत्तर नाही. तथापि अंतर्गत मूल्यमापनातील एखादा प्रकल्प तरी या पद्धतीने घेता येतो.

असा प्रकल्प येथे फार खर्चाचाही नाही. खरवईहून अंबरनाथचे मंदिर लोकलने किंवा रिक्षाने सहज गाठता येते. विद्यार्थ्यांचे लहान गट करावेत. मंदिर कोणी आणि केव्हा बांधले याविषयी घरातल्या, शेजारच्या आणि मंदिराभोवतीच्या पाच माणसांना विचारून प्रत्येक गटाने त्यांची उत्तरे आणि त्या उत्तरांमागची कारणे लिहून आणावीत. कथा सांगणाऱ्या आजीला खोटे ठरविण्यासाठी नव्हे, तर ही कथा तिच्यापर्यंत कोणाकडून आली हे समजून घेण्यासाठी. मग दोन्ही वाचने आणि भांडुपचा ताम्रपट त्यांच्यासमोर ठेवावा, आणि प्रत्येकाने एका पानावर आपला निष्कर्ष व दुसऱ्या पानावर त्या निष्कर्षाविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा लिहावा. गुण दोन्ही पानांना समान असावेत. दुसरे पान कोरे आले तर ते परत द्यावे आणि आणखी आठवडाभराची मुदत द्यावी.